निवेखोलचा ढोल

१२ जानेवारी १९८२, रत्नागिरी

आजच्या टपालाने मला सकाळपासून हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं आहे. लांज्याच्या आत, डोंगराकडे निवेखोल नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक रामाणे गुरुजी लिहितात की शाळेच्या पुस्तकपेटीत सर्वांत मळलेलं पुस्तक कुठलं असेल तर ते 'धोंडूचा ढोल'. मुलांना ते लिहिणाऱ्या आणि त्यातली चित्रं काढणाऱ्या आगाशेबाई प्रत्यक्ष पाहायच्या आहेत. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला याल का, आणि सामाजिक समतेवर मुलांना समजेल असं काही सांगाल का?

मळलेलं पुस्तक. यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं?

मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, वत्सलाबाई, आता देवदेव करा. मी धोंडू केला. गोष्ट साधी आहे. धोंडू गावाच्या खालच्या वाडीतला. त्याला पालखीच्या आसपास कुणी फिरकू देत नाही. एका शिमग्याला ढोलवाल्याचा हात मोडतो, धोंडू ढोल गळ्यात अडकवतो आणि असा वाजवतो की पालखी नाचत नाचत त्याच्या दारात येते. शेवटचं चित्र दोन पानांवर पसरलंय. सगळ्या वाड्यांची माणसं एका रिंगणात, गुलाल, आणि मधोमध धोंडू. त्या एका चित्राला मी अख्खा पावसाळा दिला. ते पाहिलं की मला वाटतं, भाषणं कशाला हवीत? हे चित्र गावोगाव लावा.

आप्पांना पत्र वाचून दाखवलं. माझे हे थोरले बंधू कोर्टात कारकून होते; अजून प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घेतात. म्हणाले, "वत्सू, त्या चित्रातल्या माणसांपैकी तू ओळखतेस किती जणांना गो?" मी म्हटलं, चित्रकाराला माणसं ओळखावी लागत नाहीत, नीट बघावी लागतात. वाक्य बरं जमलं. निवेखोलला वापरीन.

२७ जानेवारी

काल निवेखोलला जाऊन आले. पाय अजून ठणकतायत. लांज्यापर्यंत एस.टी., तिथून दुसरी एस.टी., आणि ती सोडते तिथून कातळावरून चाल. पण शाळेच्या दारात मुलं दोन रांगांत उभी होती आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला गेला तेव्हा चाल विसरले.

मी मुलांना जांभा दगड पाण्यात उगाळून लाल रंग कसा करायचा ते शिकवलं. हळद, चुलीतली काजळी, पळसाची फुलं. मुलं हरखली. मग समतेवर बोलले. आप्पांना ऐकवलेलं वाक्य वापरलं. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, मग मुलांनी.

मधल्या सुट्टीत एक गोष्ट पाहून बरं वाटलं. बौद्धवाडीची मुलं आणि इतर वाड्यांची मुलं एकाच बस्करावर मांडीला मांडी लावून बसली होती. गुरुजींनी मला मुद्दाम दाखवलं. त्यातही बौद्धवाडीची मुलं फार टापटिपीची. शाळेत पाण्याचा माठ असूनही प्रत्येकाने आपापलं पाणी घरून काचेच्या बाटलीत आणलं होतं. आमच्या शहरातल्या मुलांना ही शिस्त शिकवायला हवी.

त्यांच्यातलीच विमला. सातवीत आहे, किडकिडीत, डोळे मोठे. सगळ्यांनी झेंडा नाहीतर घर काढलं. हिने पाठमोरी बसलेली आजी काढली. नुसत्या पाठीवरून म्हातारी रागावली आहे हे कळत होतं. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात अशी रेघ दोघी-तिघींचीच पाहिली. मी तिचं कौतुक केलं तर तिने एवढंच विचारलं, की धोंडू मोठा झाल्यावर काय करतो? मी म्हटलं, ढोलच वाजवतो, आणि सगळा गाव त्याला मान देतो. ती मान खाली घालून बसली. लाजली बहुतेक.

शाळा सातवीपर्यंतच आहे. बाप मुंबईला गिरणीत, पण आठवड्याभरापूर्वी संप सुरू झाला म्हणून घरी परतलाय. एप्रिलची परीक्षा झाली की पोरगी घरी बसणार, असं गुरुजी म्हणाले. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. जूनपासून विमला रत्नागिरीत आमच्याकडे राहील आणि हायस्कुलात जाईल. मागची खोली रिकामीच आहे. गुरुजींनी भर वर्गात ते जाहीर केलं. विमला हसली नाही. पण परतताना एस.टी.च्या थांब्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "बाई, खराच नेणार मना?"

"खरंच," मी म्हटलं.

११ फेब्रुवारी

रामाणे गुरुजी कचेरीच्या कामाने रत्नागिरीला आले होते, ते घरी आले. म्हणाले, येत्या शिमग्याला शाळेतली मुलं 'धोंडूचा ढोल' नाटक करून दाखवणार, आणि तेही शाळेत नव्हे, पालखी जिथे बसते त्या सहाणेवर, सगळ्या गावासमोर. मला तर ऐकून काही सुचेना. गावाने परवानगी दिली कशी, विचारलं. गुरुजी म्हणाले, जानूगावकरांनी स्वतःच सुचवलं.

जानूगावकर म्हणजे तिथल्या गावकीतले पहिले मानकरी. गावकी बसते ती त्यांच्या अंगणात, आणि त्यांच्या शब्दावाचून पालखी हलत नाही. त्यांनी नातवाकडून माझं पुस्तक दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बाईनं आमच्या मनातला लिवलान. आमचा ढोल छप्पन सालापासना मुका हाय." गुरुजी हे सांगताना माझ्याकडे नाही, चहाच्या बशीकडे बघत होते. भिडस्त माणूस.

एवढा जुना मानकरी, पण पुस्तकाने विरघळला. यासाठी तर लिहायचं असतं.

धोंडू कोण करणार, यावरही आमचं लगेच जमलं. मी म्हटलं विमला. मुलगी असली म्हणून काय झालं? गुरुजी म्हणाले, जानूगावकरांचीही अट तीच आहे. म्हणजे विमलाच असं नाही, पण ढोल गळ्यात घालणारं पोर खालच्या वाडीतलंच हवं. माझा आणि गावकरांचा विचार इतका जुळावा याचं नवल वाटलं.

गुरुजी गेल्यावर आप्पा म्हणाले, "तो ढोल मुका का झाला, ते विचारलंस?" मी म्हटलं, जुनी मढी उकरून काय करायचंय? चांगलं घडतंय तर घडू द्यावं. आप्पांना दुधात माशी दिसल्याशिवाय दूध पिता येत नाही.

१८ फेब्रुवारी

विमला नाटकात काम करायला नाही म्हणाली. गुरुजींचा निरोप आला की आजीने मना केलं आहे. मी स्वतःच गेले.

बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला आहे. सोनूबाई, म्हणजे विमलाची आजी, पडवीत तांदूळ निवडत होती. चित्रातली पाठ मी लगेच ओळखली. विमलाचा बाप भागोजी खांबाला टेकून उभा होता. त्याने घोंगडी घातली, बसा म्हणाला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: नाटक काय आहे, त्यात त्यांच्याच वाडीचा कसा सन्मान आहे, शेवटी पालखी त्यांच्या दारात कशी येते.

म्हातारी सुपातून वर न बघता म्हणाली, "पालखी आमच्या दारात येऊन काय करणार? आमच्या घरात आता ता देव नाय. आणि ढोल आमच्याकडना कोणी काढून घेतलान नाय, बाई. बाबासायबांनी सांगितलानी तवा आमीच टाकलाव. माज्या घोवान टाकलान, नि मी कोयतीन त्याचा चामडा फाडलाय."

मग तिने सांगितलं ते असं. पालखीपुढे वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांचंच होतं. वाजवायचं तेही लांबून, आणि मोबदला वरून टाकलेला ओच्यात झेलायचा. छप्पन सालानंतर वाडीने ते सोडलं. तेव्हा गावाने त्यांची वाट बंद केली, विहीर बंद केली, कामाला बोलावणं बंद केलं. त्या उन्हाळ्यात पऱ्याचं गढूळ पाणी पिऊन तिचा लहान मुलगा गेला. तरी वाडीने ढोल उचलला नाही.

ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण जुन्या माणसांचं असं होतं, एकदा बसलेली अढी सुटत नाही. मी म्हटलं, सोनूबाई, तेव्हा तुम्हांला जबरदस्तीने वाजवावं लागत होतं, आता तर मानाने बोलावतायत. फरक नाही का? तिने सूप पाखडलं.

मग मी भागोजीकडे वळले. त्याला म्हटलं, विमला जूनपासून माझ्या घरी राहणार, शिकणार, तिचं सगळं मी बघणार. एवढं मी तुमच्या मुलीसाठी करते आहे, आणि तिने एका नाटकात पाव तास ढोल वाजवला तर काय बिघडणार आहे? चांगलं स्पष्ट बोलले. कधीकधी बोलावं लागतं. भागोजीने अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "वाजवील ती." म्हातारी सूप घेऊन आत निघून गेली.

विमला दारात उभी होती. तिलाही हायसं वाटलं असेल.

२ मार्च

तालमी बघून आले. विमलाचा हात तालाला पक्का आहे, कुणी न शिकवता. रक्तातच असतं म्हणतात ते काही खोटं नाही. मात्र अभिनय शून्य. धोंडू आनंदाने वाजवतो, ही दातखीळ बसल्यासारखी उभी असते. हस, म्हटलं की हसते.

तिच्यासाठी नवी वही आणि ब्रश नेले होते. घेतले, पण हल्ली चित्रं काढत नाही म्हणाली. परीक्षेचा अभ्यास असेल.

१३ मार्च

काय लिहू आणि कसं लिहू. आनंद आणि राग दोन्ही एकदम आले की माणसाने काय करावं?

परवा नाटक झालं. सहाणेपुढे अख्खा गाव, मुंबईहून संपामुळे परतलेले आणि सणाला आलेले, सगळे. बौद्धवाडीची माणसं लांब, करवंदीच्या जाळीशी उभी होती. मी त्यांना पुढे या म्हणून हाका मारल्या. आली नाहीत.

मी पुठ्ठ्याचा ढोल रंगवून नेला होता. आयत्या वेळी जानूगावकरांनी देवळातला खरा ढोल, नवं चामडं चढवलेला, काढायला लावला. विमलाने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच घे म्हटलं. खऱ्या ढोलाची सर पुठ्ठ्याला कुठून येणार? तिने गळ्यात घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. आणि तिने टिपरी मारली तशी गर्दी गपगार झाली. जुनी माणसं डोळे पुसत होती. आमच्या नाटकात पालखीच्या जागी सजवलेली खुर्ची होती, पण शेवटाला मानकऱ्यांनी खरी पालखीच खांद्यावर घेतली आणि नाचवत तिच्यासमोर आणली. माझं शेवटचं पान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी रडले. खोटं कशाला सांगू?

मग जानूगावकर पुढे झाले. त्यांनी विमलाला फ्रॉकचा घेर धरायला सांगितला आणि त्यात नारळाची कवड आणि पसाभर तांदूळ वरून टाकले. माझ्या शेजारची एक म्हातारी म्हणाली, आज आमचा गाव पुरा झाला.

आणि इथे भागोजीने सगळ्यावर पाणी ओतलं. तो गर्दीतून सरळ आत घुसला, पोरीच्या गळ्यातला ढोल काढून जमिनीवर ठेवला, तिच्या फ्रॉकमधलं तांदूळ-खोबरं झटकून टाकलं आणि तिला हाताला धरून घेऊन गेला. लोकांत कुजबूज झाली. देवाच्या प्रसादाचा असा अपमान मलाही आवडला नाही. इतकं सुंदर चित्र जमलेलं, आणि एका माणसाच्या तापटपणाने विसकटावं.

तिला शाबासकी द्यायची राहून गेली.

२१ मार्च

लांज्याला राहणाऱ्या एका शिक्षिकेकडून कळलं ते बरं नाही. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी गावकीने बौद्धवाडीत निरोप धाडला की पालखी घरोघर निघते आहे, ढोलाला दोन माणसं पाठवा. पोरगी वाजवते तर तुम्हांला काय धाड भरली? वाडीने नकार दिला. तेव्हा गावकी बसली आणि वाडीला वाळीत टाकलं. देवळावरून जाणारी पायवाट बंद. दुकानातून जिन्नस बंद. आंब्या-काजूच्या कामाला कुणी बोलवायचं नाही. संपामुळे मुंबईचा पैसाही येत नाही, त्यात हे.

भागोजीला दोन्हीकडून मार. वाडीच्या बैठकीत त्याला हात जोडून उभं राहावं लागलं, की घरातल्या पोरीला ढोल लावू दिला, चुकलो.

मला रात्री जेवण गेलं नाही. पुस्तकात असं काही नाही. पुस्तकात सगळे एकत्र येतात. माणसं इतकी साधी गोष्ट उलटी कशी वाचतात?

२९ मार्च

आज सकाळी भागोजी आला. पहाटेच्या गाडीने आला असणार, अंगणात उभा होता. मी त्याला ओटीवर बसवलं आणि चहा आमच्याच कपातून दिला. कप त्याने स्वतः विसळून पालथा घातला. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

त्याचं म्हणणं असं. गावकीची बैठक बसते तेव्हा माझं पुस्तक मधे ठेवलेलं असतं. शेवटचं चित्र उघडून दाखवतात. म्हणतात, शिकलेली बाई सांगते की ढोल तुमचाच आणि तुमचं सुख त्यातच आहे, आणि हे पुस्तक सरकारने शाळेत पाठवलंय. मग तुम्ही कोण नाही म्हणणार? वाडीतली मुलं पंधरा दिवस शाळेत गेलेली नाहीत, कारण वाट बंद आहे. विमलाची परीक्षा तोंडावर आली आहे.

"बाई, मी दुसरा काय मागत नाय," भागोजी म्हणाला. "येक कागद लिवून द्या. तुमच्या सहीचा. का ह्यो शेवटचा चितार चुकलाय. तो कागद घिऊन मी तालुक्याला जाईन, पेपरवाल्याकडं जाईन. तुमी लिवलाव तर त्यांच्या हातात काय रवणार नाय. पोरीची वाट उघडंल."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. चित्र चुकलं म्हणजे काय? हिशेब आहे का तो? त्यात माझा एक पावसाळा आहे, माझा सगळा जीव आहे. शिवाय गेल्याच आठवड्यात प्रकाशकांचं पत्र आलं आहे की दुसरी आवृत्ती निघते, आणि मुखपृष्ठावर तेच शेवटचं चित्र घेणार. अशा वेळी मीच ते चुकलं म्हणून सही देऊ? मी त्याला शांतपणे समजावलं की चित्र चुकलेलं नाही, त्याचा अर्थ लावणारे चुकलेत. त्यांच्याविरुद्ध मी वर्तमानपत्रात जरूर लिहीन.

तो उठला. म्हणाला, "ता आमी बी लिवू शकताव." चप्पल घातली आणि निघाला. आप्पा त्याच्याबरोबर थेट एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेले. दम्यामुळे आप्पा वाण्यापर्यंतही जात नाहीत. परतले ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

५ एप्रिल

लेख छापून आला. मथळा 'सलोख्याची गरज'. संपादकांनी चौकटीत घेतला. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, त्यामुळे कुणी दुखावायचं कारण नाही. तिघांनी रस्त्यात थांबवून छान लिहिलंत म्हणून सांगितलं.

आप्पांनी वाचला. घडी घालून ठेवला.

२६ एप्रिल

सातवीची परीक्षा झाली. विमला बसली नाही.

मी रामाणे गुरुजींना विचारायला निवेखोलला गेले. ते म्हणाले, केंद्र शेजारच्या गावात होतं, तारीख आणि वेळ शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली होती. मी म्हटलं, पण ती मुलं शाळेतच येऊ शकत नव्हती, तर फळा वाचणार कशी? गुरुजी म्हणाले, "बाई, मला याच गावात नोकरी करायची आहे. आणि त्या वाडीत जायची वाट देवळावरून आहे."

येताना मी शाळेच्या दारात थांबले होते. पाण्याचा माठ भिंतीशी होता, त्याच्यावर ओगराळं उपडं. मी आत न जाता गुरुजींच्या मुलाला पाणी मागितलं. त्याने ओगराळ्याने भरून दिलं. तेव्हा मला त्या काचेच्या बाटल्या आठवल्या. टापटीप म्हणून मी वहीत लिहिलंय. सगळ्यांसमोर त्यांना शाबासकीही दिली होती मी.

वाडीत जायचा धीर झाला नाही. वाट बंद होती म्हणून नाही. मला कुणी अडवलं नसतं.

२० मे

प्रकाशकांना लिहिलं, शेवटचं चित्र काढून टाका, मुखपृष्ठ बदला. उलट टपाली उत्तर: फर्मे छापून झाले आहेत, आणि आपल्या पुस्तकाचा प्राण तेच चित्र आहे, आपण उगाच मनाला लावून घेता.

भागोजीला हवा होता तो कागदही लिहिला. चार वेळा लिहिला. सहीनिशी त्याच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवला. पंधरवड्याने परत आला. घेणार मुंबईला गेला आहे, म्हणून शेरा. संप चालूच आहे, तो तिथे काय करतो कोण जाणे. दुसरी प्रत वर्तमानपत्राला दिली. संपादक म्हणाले, बाई, शिमगा होऊन गेला, आता याला कोण विचारतो?

११ जून

काल लांज्याला गेले होते. विमला तिथे मावशीकडे राहते आणि काजूच्या कारखान्यात जाते, असं कळलं होतं. मी मनाशी सगळी तयारी केली होती. मागची खोली झाडून घेतली आहे, हायस्कुलातल्या बाईंशी बोलले आहे. त्या म्हणाल्या, सातवीला पुन्हा बसवू, एक वर्ष गेलं तर गेलं.

दुपारच्या सुट्टीत बायका शेडच्या बाहेर ओळीने बसल्या होत्या. विमला शेवटी होती. साडी नेसली होती, त्यामुळे आधी ओळखलीच नाही. मला पाहून उभी राहिली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. पण मी पाहिले होते. काजूच्या टरफलाचा चीक बोटांची साल काढतो आणि जिथे लागतो तिथे काळं करतो. तिची बोटं नखांपर्यंत काळी झाली होती.

मी तिला म्हटलं, चल. आजच चल. शाळा उघडते आहे. मावशीशी मी बोलते, वडिलांना मी पत्र घालते. फी, पुस्तकं, कपडे, सगळं मी बघेन. मी पुष्कळ बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला राग आलेला दिसत नव्हता, आला असता तर सोपं झालं असतं.

"नाय येत मी, बाई," ती म्हणाली.

मी विचारलं, का? शिकायचं नाही का तुला?

"शिकायचा हाय. पण तुमच्याकडं नाय." मग मोठ्या बाईसारखं समजावत म्हणाली, "तुमी मना शिकवाल. मग तुमी शिकवलाव म्हणून मना कायतरी वाजवायला सांगाल. तवा मना नाय म्हनता येयाचा नाय. आता येता."

तिच्या शेजारच्या बायका भाकरी खायच्या थांबल्या होत्या. मला म्हणायचं होतं, नाही गं, नाही सांगणार, पुन्हा कधीच नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण भागोजीने कागद मागितला तेव्हाही मी स्वतःला चांगलीच बाई समजत होते. तिला काय कबूल करू? भोंगा वाजला, तिने पदर खोचला आणि बायकांबरोबर आत गेली.

आप्पांनी विचारलं, आली का पोरगी? मी सांगितलं, नाही म्हणाली. आप्पा म्हणाले, "तिला नाही म्हणता आलं, एवढं बरं झालं."

मागच्या खोलीला आज कडी घातली.